पौषाचं माप

दोंडाईच्याहून पहाटेच निघालो.
मिरचीचा हंगाम सरला होता, तरी बाजारातली हवा
अजून नाकाला झोंबत होती.
धरणगाव, जळगाव, भुसावळ ओलांडून वरणगावला पोचलो
तर लुकमानभाऊ तडवी निंबाखाली, बनियनवर,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून
नातवाच्या सायकलीचे छर्रे मोजत बसलेले.
एकतीस वर्षं कारखान्यात पुंगळ्या तपासलेला माणूस.

मी रुमाल सोडला.
अकरा रिकाम्या, नऊ भरलेल्या.

"बोल्ट उचलेना," म्हटलं, "तळहातानं ठोकावा लागला.
पण माप माझं चोख आहे, भाऊ.
तराजू जर्मन, वही माझ्या हातची,
पुस्तकातल्या शेवटच्या आकड्याच्या
दोन पायऱ्या अलीकडेच थांबलो होतो."
वकील आहे. आरोप होण्याआधीच
बचाव करायची सवय.

त्यांनी ऐकलं नाही.
एकेक पुंगळी उलटी करून बूड उजेडाला धरलं.

एकीची टोपी सपाट,
कडेची गोलाई जाऊन खळग्यात थापून बसलेली.
दुसरीत पिनच्या खड्ड्याभोवती काठ उठलेला,
मुंग्यांच्या बिळाला असतो तसा.
तिसरीच्या बुडावर, अक्षरांच्या मधोमध,
नखाएवढी चकचकीत चंद्रकोर:
पितळ तिथं पोलादाच्या भोकात शिरू पाहत होतं.

"म्हणजे झालंच की सिद्ध," मी म्हणालो.

"कायचं सिद्ध?
टोपी नरम असली तरी सपाट होते.
पिनचं भोक ढिलं असलं तरी काठ उठतो.
एक साक्षीदार खोटं बोलू शकतो, वकीलसाहेब.
तिघं एकच सांगाले लागले, का मंग ऐकाचं."

मेणकापडातून मायक्रोमीटर निघाला.
बुडावरचा पट्टा मोजला, फिरवून पुन्हा मोजला.
आकडा मला सांगितला नाही.
विचारलं एवढंच:

"दारू मोजली कधी?"
पौषात. स्वेटर घालून. बोटं आखडली होती,
पण खोलीत विस्तव येऊ दिला नव्हता.
"उडवली कधी?"
परवा. दुपारी दोनला.
"तवलोक होती कुठं?"
गाडीत.
पुढच्या काचेखाली.

भाऊ हसले नाहीत.
रस्त्यापलीकडच्या केळीकडे बघत राहिले,
पानं उन्हानं चिरून दोरे झाली होती.
"पौषाचं माप वैशाखाले चालत नाही.
दारूलेबी ऊन लागतं."

मी घाईनं चार पुंगळ्या बाजूला काढल्या.
"या बघा ना. टोपी गोल, बूड साफ,
बोल्टही लोण्यासारखा उघडला होता.
या तरी निर्दोष?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी भिंग काढलं.
डोळ्याभोवती गोल वळ.
"याहीचीच भीती वाटते मले.
मोठी बंदूक, जाड पितळ, लय सोसतं ते.
डाग दिसतो तवा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं.
डाग नाही, म्हंजे दाब नव्हता, आसं नाही.
बोलली नाही, एवढंच."

कोर्टात संशयाचा फायदा
मी किती जणांना मिळवून दिला असेल.
इथं तो मागायची लाज वाटली.

भरलेल्या नऊ उचलायला वाकलो.

"त्या उडवाच्या नाही. उघडाच्या.
गोळी काढ, दारू काढ, वहीत नवं पान घे
आन पार खालून सुरू कर.
आन जे कराचं ते याच उन्हात कर,
थंडीच्या भरोशावर नको."

"बरं. निघतो मग."

"आत्ता? याहीले घेऊन?"

रुमाल बांधून त्यांनीच आत नेला,
ओसरीत, माठाच्या तिवईशेजारी सावलीत ठेवला.
सुनेनं ताक दिलं. नातू सायकल घेऊन पसार झाला,
एक छर्रा मात्र माझ्या चपलेखाली सापडला.
हायवेवरून केळीचे ट्रक जात होते.
दर वेळी माठावरचा तांब्या किणकिणायचा
आणि दर वेळी मी रुमालाकडे बघायचो.

साडेसहाला निंबाची सावली रस्ता ओलांडून गेली.
मी उठलो.

भाऊंनी गाडीच्या टपावर हात ठेवला,
लगेच काढून घेतला.
"थांब अजून थोडं," म्हणाले.