नावाआधीची नाव

कामावर मी जो.
शर्टाच्या खिशावर तेवढंच शिवलंय,
एकच अक्षर, निळ्या दोऱ्यात.
पाठीमागे काँक्रीटचा ड्रम फिरत असतो,
फाटकावरचा माणूस विचारतो, कोण?
मी म्हणतो, जो.
फाटक उघडतं. सव्वीस वर्षं उघडतंय.

मंगळवारी रेरेहुआ शाळेतून कागद घेऊन आली.
शुक्रवारी उभं राहून ओळख सांगायची,
आपल्या रीतीने.
कागदावर रिकाम्या रेघा:
माझा डोंगर
माझी नदी
माझी नाव (वल्ह्यांची, जिच्यातून आपले आले ती)
मग माझी माणसं, माझं सभाघर,
आणि पान संपता संपता, अगदी तळाशी,
माझं नाव.

"शेवटची रेघ मला येते, बाबा.
वरच्या तू सांग."

मी फ्रीज उघडला. बंद केला.
ओतारात एक टेकडी होती म्हणतात,
ती फोडून रस्त्यांखाली घातली.
खडी वाहणाऱ्याने डोंगराबद्दल काय बोलावं?

माझे वडील उत्तरेकडून बसने आले,
एक सुटकेस घेऊन, खाटिकखान्यातल्या नोकरीवर.
आपल्या बोलीत बोलले म्हणून
शाळेत त्यांच्या तळहातावर पट्टी बसली होती.
बोली त्यांनी सुटकेसमध्ये ठेवली
आणि झाकण लावलं.
सुटकेस अजून आहे.
तिच्यात आम्ही नाताळचे दिवे ठेवतो.

"फर्गसने लिहिलासुद्धा," रेरेहुआ म्हणाली,
"स्कॉटलंडमधला डोंगर. त्याने पाहिलेला नाही,
पणजोबांच्या पत्रात आहे.
यून-सो घराण्याचं नाव आधी सांगते, मग स्वतःचं.
आणि सियाओसी बापाचं, गावाचं, बेटाचं घेता घेता
घंटा होते, तो आपल्यापर्यंत पोचतच नाही."
तिच्या गोष्टीच्या पुस्तकातला मांजराएवढा राक्षस
पहिल्याच पानावर ओरडतो, मी गडगुंड!
त्याला सोपं आहे.
त्याच्या आधी फक्त कोरा कागद होता.

रात्री आत्याला फोन लावला.
एकोणीस वर्षांनी.
"कोण?"
"जो."
"जो कोण? जो काय?"
खरंच होतं तिचं.
जो म्हटलं की पुढे तो यावा लागतो,
मी आयुष्यभर अर्धंच वाक्य बोलत आलो होतो.
"होहेपा," म्हणालो. "एरुएराचा."

पलीकडे किटली शिट्टी वाजवत राहिली,
कुणी गॅस बंद केला नाही.
मग आत्याने डोंगराचं नाव घेतलं,
सावकाश, झोपलेल्याला उठवावं तसं.
मग नदीचं. मग नावेचं.
आमच्या बोलीत कोण म्हणजे वाई,
आणि पाणी म्हणजेही वाई.
"कोण आहेस ते नंतर," ती म्हणाली,
"कुठल्या पाण्याचा ते आधी."
मी लिहून घेतलं, सिमेंटच्या पावतीमागे,
स्पेलिंग चुकत. तिने दोनदा रागावून सांगितलं.
आणि शेवटी म्हणाली,
तुझा बाप सुट्टीत आला की गाडीतून उतरायच्या आधी
काच खाली करून त्याच्याकडे बघायचा.
कुणाकडे, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो,
कामाच्याच कपड्यांत, बुटांना वाळलेला चिखल.
रेरेहुआने ती नावं घेतली.
इथे लिहीत नाही मी ती.
ती उभं राहून घ्यायची असतात.
नावेपाशी ती अडखळली,
श्वास घेतला, पुढे गेली.
स्वतःचं नाव मात्र इतकं हळू म्हणाली
की बाईंनी कान पुढे केला.

सोमवारी पुन्हा फाटक.
कोण?
जो, मी म्हणालो.
दुसरं काय म्हणणार, मागे सहा गाड्या होत्या.
फाटक उघडलं.
उरलेलं वाक्य चाकामागे बसून
तोंडातल्या तोंडात म्हणत निघालो.
नदीपर्यंत आलो
तेव्हा सिग्नल लागला.