खालच्या ओळीत

क्रमवारीचा कागद वर्षातून सहादा छापून येतो.
वरची नावं बोटाएवढी जाड,
खाली उतरता उतरता अक्षरं वाळत जातात
आणि तळाशी नुसते केस.
तिथं कुठंतरी हामागिरी.
मी चष्मा पुसतो, शोधतो, सापडला की नखानं खूण करतो.
एकोणीस वर्षं.

तालमीत केस बांधण्याचं काम माझं.
हा आओमोरीच्या किनाऱ्यावरून आला तेव्हा पंधराचा,
गालांना थंडीच्या भेगा, अंगाला शिंपल्यांचा वास.
खरं नाव कासाई तेत्सुजी.
मालकांनी हामागिरी ठेवलं, म्हणजे किनाऱ्यावरचं धुकं.
तसंच झालं.
दुपार होईस्तो विरून जायचं,
ज्यांनी तिकिटं काढली त्यांना कधी दिसलं नाही.

त्याची कुस्ती सकाळी पावणेनऊला.
खुर्च्या अकरा हजार, माणसं चाळीस.
एक आजोबा डबा उघडून बसलेले,
पंच अनवाणी, तोही अजून उमेदवारीत.
मीठ उधळायचं नाही, ते वरच्यांचं.
सोळा सेकंदांत काय ते होतं,
मग घाम पुसत, बस धरून
तो चौदा जणांचा रस्सा ढवळायला परत.

पगार नाही. जेवण आहे, छप्पर आहे,
फेब्रुवारीतही अंगावर सुती.
एकदा, फक्त एकदा, तो एक पायरी वर चढला.
लाकडी खडावा सुटल्या, चपला मिळाल्या.
दोन स्पर्धा त्या घालून रस्त्यानं
विनाकारण फिरला. मग गुडघा गेला.
पुन्हा खडावा, टाक् टाक्.
चपला वर्तमानपत्रात गुंडाळून
अंथरुणाच्या कपाटात आहेत, मला ठाऊक आहे.

ओगाता नावाचं पोरगं आलं,
त्याला जमिनीवर पाय कसा आपटायचा ते यानंच दाखवलं.
रात्री रडायचं तेव्हा भातात अंडं फोडून द्यायचा.
चार वर्षांत पोरगं पगारी झालं.
आता हामागिरी त्याची उशी काखेत मारून मागं चालतो.
मी पोराच्या शेंडीचं टोक पसरून
गिंकोच्या पानाची घडी घालतो
आणि आरसा धरून हामागिरी बसतो.
आरशामागचं तोंड मला दिसतं.
त्यात हेवा शोधला मी, खोटं कशाला बोलू.
तो म्हणाला, डावीकडे जरा कमी पसरलंय.

शेवटच्या स्पर्धेत तीन जिंकल्या, तीन गेल्या.
सातवी एका सोळा वर्षांच्या पोराशी.
चांगला रेटला होता, कडेला नेला होता,
पोरानं अंग काढून घेतलं आणि याचा हात टेकला.
पाठीला माती लागायची गरजच नाही इथं,
तळहाताला लागली तरी भागतं.
तो हात बघत राहिला.
मग वाकून नमस्कार.

नियम असा:
खालच्या वर्गातल्यांनी साधी शेंडी बांधायची.
गिंकोचं पान त्यांना मिळतं
ते कापायच्या दिवशी.

त्या सकाळी मी तेल नेहमीपेक्षा जास्त चोळलं.
कंगव्याचे दात तेच, केस तेच,
कपाळाकडे जरा विरळ.
घडी पहिल्यांदा बसेना.
सोडली. पुन्हा घातली.
तो म्हणाला, घाई नाहीये ना तुम्हाला?
आरसा ओगातानं धरला होता.

मग कात्री. वडील आले होते, मासे सोलायचे जाड हात,
कात्रीत बोटं बसेनात.
आजोबाही होते, सकाळचे, डबेवाले,
कुणी बोलावलं कोण जाणे.
शेवटचा काप मालकांचा.
तो मानेवर हात फिरवून म्हणाला, गार लागतंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला
स्वयंपाकघरात दिवा.
आखूड केसांचा एक जाडजूड माणूस
तांदूळ धूत होता.
क्षणभर ओळखलं नाही मी.
गाडी नऊची आहे, तो म्हणाला,
पोरांना अजून पाण्याचा अंदाज नाही.