गुण

मी बाटल्या धुणारा. भरमा.
आधी साबण, मग ॲसिड, मग तीनदा नळाचं पाणी,
शेवटी डिस्टिल्ड. ते जास्त ओतलं
तर हुद्दारबाई ओरडायच्या नाहीत,
नुसतं नळाकडं बघायच्या.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, पत्र्याची खोली.
गाडी गेली की तराजूचा काटा थरथरायचा,
म्हणून वजनं गाडीच्या वेळा बघून.

साल यायची कणकुंबीच्या रानातून.
झाडाचं नाव मी सांगणार नाही.
बाई म्हणायच्या, नाव फुटलं की झाड उभं सोलतील.
वास असा की माझी बायको
डबा दारातूनच घ्यायची.

काचेच्या हंडीत गिनीपिग. फवारा मारला
की त्याची छाती लोहाराचा भाता.
"सेकंद मोज, भरमा."
घाईत मी कानडीत मोजायचो,
ओंदु, येरडु, मूरु,
लहानपणी वाण्याच्या दुकानात शिकलेलं.
"कशातही मोज. खरं चुकू नकोस."

एका नोव्हेंबरात बोर्डाला कुणी डांबर फासलं.
पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी.
दोन्ही वेळा बाईंनी पदर खोचून पुसलं,
आणि टर्पेंटाइन किती लागलं
ते वहीत लिहिलं.

एकेचाळीस: गुण नाही.
बावन्न: गुण नाही, जनावर मेलं.
त्रेसष्ट नंबर बाईंनी स्वतः घेतला
आणि दोन दिवस खुर्चीत बसून राहिल्या,
मला म्हणाल्या, नाडी बघ, घरी सांगू नकोस.
मी सांगितलं नाही. आज सांगतोय.

सत्त्याऐंशी.
निपाणीच्या वखारीतली तायव्वा,
तंबाखूची धूळ खाऊन अकरा वर्षं
भिंतीला टेकून झोपलेली.
आठव्या दिवशी आली, पदरात चार शेंगा,
"रात्री आडवी झाले री. गुण आत."

मी पेढे आणायला निघालो.
बाई म्हणाल्या, बस खाली.
एकीचा गुण म्हणजे औषध नव्हे.

मग तीस माणसं. संकेश्वर, गडहिंग्लज, हुक्केरी,
कुणी "बरं वाटतंय" म्हणायचं, कुणी "पाड अदऱी",
रकाना एकच.
तिघांना काहीच फरक नाही.
त्या तिघांची नावं बाईंनी सगळ्यात वर लिहिली.

कागद मोठ्या कंपनीकडं गेले. पुढचं
मला कुणी सांगितलं नाही.
बाई गेल्या त्या साली खोलीचा पत्रा विकला,
पिंजरे कुणीच घेईना, मी घरी आणले.
एकात कोंबडी बसते.

आता मलाच दम लागतो, ॲसिडचा असंल.
खडेबाजारातला पोरगा पाकीट देतो,
"काका, हीच गोळी, खरं कंपनी दुसरी, चालंल?"
मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचतो,
बॅच नंबर, तारीख, किंमत.
गोळी जिभेवर ठेवतो, पाणी न घेता.

तोच वास.
बायको आतून विचारते, काय करूलालास?
मोजूलालोय, म्हणतो.