मतदान अधिकारी क्रमांक दोन

माझ्याकडे शाई, एक काडी,
आणि सहीचं रजिस्टर. सही येत नसेल तर अंगठा.

आदल्या संध्याकाळी खडकगव्हाणला उतरलो
तेव्हा गावात कुलपं होती
आणि कुलपांच्या राखणीला म्हातारी माणसं.
दिवाळी झाली की गाव कारखान्याला जातं.
भिंतींवर मात्र सगळे हजर: शिलाई मशीन, कपबशी,
सरपंचपदाच्या दोन बाया,
दोघींच्या फोटोशेजारी दोघींचे नवरे, जरा मोठे.

रात्री दीडला गाव आलं.
आधी लिंबाच्या शेंड्यावर उजेड, मग हॉर्न,
मग तीन ट्रक. एक टेम्पो मागं राहिलाय म्हणाले.
कुणी सांगलीकडून, कुणी बेळगावच्याही पलीकडून,
भाडं कपबशीचं, जेवण शिलाई मशीनचं.
शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडून मी ऐकत होते,
एवढी कुलपं एकदम उघडताना कधी ऐकली नव्हती.
कुणीतरी तेवढ्या रात्री अंगण झाडायला लागलं.

सकाळी साडेसातपासून बोटं.
डाव्या हाताची तर्जनी, असा नियम आहे.
ऊस डाव्या हातानं धरतात, उजव्यात कोयता,
तेव्हा नियमाला जे बोट हवं
ते कोयत्याला आधीच सापडलेलं असतं.
नख गेलेली बोटं, वाकडी जुळलेली,
चिंधी गुंडाळलेली. मी चिंधी सोडायला सांगायची.
'बघू नगा बाई, नुसती लावा.'

अनुक्रमांक तीनशे बारा, इंदूबाई भानुदास सानप.
तिला ते बोटच नव्हतं.
कपबशीचा एजंट म्हणाला, आता कसं?
शिलाई मशीनचा हसला.
अध्यक्ष सरांनी चष्मा लावून पुस्तिका उघडली,
पान सापडेना.
मागची रांग उन्हातून आत झुकली.
इंदूबाईनं मधलं बोट पुढं केलं:
'ह्याला लावा. उरलेल्यात थोरलं हेच.'
मग म्हणाली, मला नाही, असंच,
'तिकडं मी अर्धा कोयता. नवऱ्यासंगं धरली तर एक.
हितं म्हणं एकलीचंच एक.'
पुठ्ठ्याआड गेली. बराच वेळ मशीन वाजेना.
मग वाजलं.

दुपारी गर्दीत बाटली कलंडली.
पुसता पुसता दोन्ही हात काळे.
माझं मत माझ्या गावात राहिलं, ड्यूटीपायी.
दहा बोटांना शाई, मत एकाचंही नाही.

साडेपाचला फाटक लागलं.
खोलीभर लाखेचा वास.
पावणेसहाला तो मागं राहिलेला टेम्पो आला.
एकोणीस माणसं. जामखेडच्या अलीकडं टायर फुटलं होतं.
कुणी ओरडलं नाही. सरांनी घड्याळ दाखवलं,
त्यांनी ते पाहिलं
कारखान्याच्या काट्यावरचं वजन पाहावं तसं.

एक पोरगी, पाठीशी लेकरू,
गजांतून हात आत घालून म्हणाली,
'मत र्‍हाऊ द्या. शाई तरी लावा, बाई.
ज्यानं गाडी धाडली तो बोट बघल.
तिकडं मुकादम बघल.'
बाटली पाकिटात, पाकिटाला सील.
नाही लावता येत, म्हणाले.
तिनं माझे हात पाहिले.
लेकरू सारखं केलं आणि घराकडं गेली,
आलोच आहोत तर कणगी बघून यावी म्हणून.

सातला ट्रक निघाले. टेम्पोही.
पुन्हा कुलपं, यावेळी आवाज लहान.

मोजणीला कपबशी अकरानं आली.
गुलाल उधळला म्हणे, दारांवर,
आणि ओट्यावर बसलेल्या एका आंधळ्या म्हाताऱ्यावर.
तो विचारत होता, कोण आलं?

हातांची शाई पंधरा दिवसांत गेली.
नखांतली अजून वर सरकतेय, जराजरानं.
पट्टा पडेस्तोवर निघेल.