टोपण

मेहिकाली, जुलै, रविवार दुपारचे चार.
पत्र्याच्या शेडखाली पाना उचलायचा
तर आधी हाताला चिंधी लागते.
ओफेलियाने काच खाली करून एवढंच म्हटलं,
"परत गेला, एलेउतेरियो."
कोण गेला, विचारावं लागलं नाही.
तीन उन्हाळे जातोय. मेमध्ये भरायचा,
जूनअखेर जाळीतून नुसती गरम धाप.

सीमेपलीकडच्या इस्पितळात ती रात्रपाळीला फरशा पुसते.
दुपारी दोनला रांगेत लागते तेव्हा
पुढच्या गाडीचं टपही वितळल्यासारखं दिसतं.
"भर आणि सोड," ती म्हणाली.
"भरत नाही. आधी शोधतो."

गॅस काही पेट्रोल नव्हे, जळून संपायला.
बंद नळ्यांत कोंडलेला, तापतो, निवतो, पुन्हा फिरतो.
कमी झाला म्हणजे कुठूनतरी निघून गेला.
आणि एकटा जात नाही, थोडं तेल नेतो सोबत,
तेलावर वाळवंटाची धूळ बसते.
म्हणून मी आधी मळ वाचतो.

कंडेन्सरच्या सांध्यावर होता, काळा, चिकट.
उघडलं. आतलं रबरी कडं
वाळल्या मिरचीच्या देठासारखं.
नवं हिरवं कडं, तेलाचा थेंब, आवळलं.
मनात म्हटलं, झालं.
पंप लावून आतली सगळी हवा ओढली,
काटा शून्याखाली जाऊन बसला.
पंप बंद केला.
पंधरा मिनिटांत काटा हलला, केसभर.
ओफेलिया फोनमध्ये होती.
मी पाहिलं.

रात्र होऊ दिली. दिवे मालवले,
पिवळा चष्मा चढवून, निळा दिवा घेऊन वाकलो.
गेल्या वर्षी तेलात सोडलेला रंग अजून जिवंत होता.
कॉम्प्रेसरच्या मानेशी काही नाही.
नळ्यांवर नाही. पाणी टपकतं तिथेही काळोख.
फक्त गॅस भरायच्या तोंडाशी पोपटी उजेड,
तो मी सोडून दिला.
तिथे असतोच, भरताना सांडतो.
दिव्याखाली अंधार, म्हणतात.
माझ्या दिव्याखाली उजेड होता,
ओळखीचा होता, म्हणून वाया गेला.

शेवटी नायट्रोजन. दाब चढवला,
बायकोचा भांड्यांचा साबण पाण्यात कालवला,
ब्रशने एकेक सांधा माखला.
ब्रशवर फेस उरला होता म्हणून,
खरंच तेवढ्याचसाठी,
त्या तोंडालाही एक फटकारा.

आणि एक बुडबुडा फुगू लागला.
घाई नव्हती त्याला.
मोहरीएवढा. वाटाण्याएवढा. मिनिटभराने द्राक्ष.
फुटला. त्याच जागी दुसरा.

जिथून भरत होतो तिथूनच जात होता.
आत पेनाच्या टोकाएवढी झडप,
दर भरण्याला आणखी थोडी झिजलेली,
आणि तिच्यावरचं काळं टोपण
पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी बाजूला ठेवून विसरलं.
कुणीतरी म्हणजे काय.
या बॉनेटला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही.

झडप चाळीस पेसोंची. टोपण फुकट,
माझ्याकडे डबाभर आहेत.
ओफेलिया केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.
ती त्या फेसाकडे बघत होती.
"तीन उन्हाळे," ती म्हणाली. हसली नाही.
"हो," मी म्हणालो.

मध्यरात्री काटा पुन्हा खाली बसला.
अर्धा तास आम्ही दोघं
एका न हलणाऱ्या गोष्टीकडे बघत बसलो.
तिने माझ्या डब्यातला शेवटचा तामाल खाल्ला, न विचारता.
मग मी गॅस भरला, मोजून,
आणि टोपण दोनदा आवळलं.

सोमवारी अडीचला तिचा फोन.
"रांगेत आहे. काचा बंद."
मागे पंखा चालल्याचा आवाज.
मग थोडं थांबून,
"हिशोब शनिवारी करू. तिन्ही उन्हाळ्यांचा."