आधी आत

विटाव्याच्या पुलाच्या थोडं अलीकडे,
जिथे खाडीचा वास भरती-ओहोटी सांगतो,
तिथे माझं गॅरेज. पाटी गेल्या वर्षी पडली,
परत लावली नाही. ज्यांना यायचं त्यांना ठाऊक आहे.

आज सान्ट्रो. खारेगावच्या टिपणीस बाईंची,
सतरा वर्षं, चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर,
त्यातले निम्मे घर ते शाळा, शाळा ते घर.
इंजिनच्या पाठीमागे, जिथे हात जातो पण डोळा पोचत नाही,
पेट्रोलची नळी रेलला धरून बसली आहे
जशी एखादी म्हातारी तहसीलच्या बाकावर:
काम झाल्याशिवाय उठणार नाही,
आणि काम काय, ते सांगणार नाही.

पंपाचा फ्यूज काढला. स्टार्टर मारला.
गाडी दोनदा खोकली, मग गप्प.
आतलं प्रेशर मेल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही
हे मुबीनला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.
दुसऱ्या आठवड्यात तो विसरला.
डावी भुवई परत आली नंतर. जरा विरळ.

मी ओढली.
स्प्रे मारला, विडी लांब जाऊन ओढून आलो, पुन्हा ओढली.
ज्या कोणी ती कारखान्यात बसवली
त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.
बोटाच्या पेरावरचं साल निघालं,
नळी होती तिथेच.

मुबीन मोबाईलचा उजेड धरून उभा.
आज त्याचा शेवटचा शनिवार.
सोमवारपासून महापे, बॅटरीवाल्या गाड्यांचं वर्कशॉप,
पांढरी फरशी, रबरी हातमोजे, पगार महिन्याच्या एक तारखेला.
परवा फोटो दाखवत होता: बॉनेटखाली
जाड्या केशरी वायरी, आणि बाकी सगळं झाकण.
‘दादूस, तिथे नळ्याच नसतात.’
मी म्हटलं, दहाचा पाना दे.
दहाच्या पान्याचं तेव्हा काही काम नव्हतं.

‘ओढू नका,’ तो म्हणाला. ‘आधी आत ढकला.’

हे माझंच वाक्य. आठ वर्षांपूर्वीचं,
आणि म्हणालाही माझ्यासारखंच, नाकातून.
आत बारीक दात असतात, त्यांत धूळ बसते;
ओढशील तेवढे ते घट्ट चावतात.
तांदळाच्या दाण्याएवढी आत सरकव, दात सुटू देत,
मग फिरव, मग ये म्हण.
मला येतं हे सगळं. येत असतं. आज हाताला आठवत नव्हतं.

त्याने खिशातून ते काढलं:
त्याच्या अम्मीच्या इन्सुलिन पेनचं टोपण,
उभं चिरलेलं, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या.
बाजारात याचं औजार मिळतं, डब्यासकट, महाग.
कौशाच्या त्या दोन खोल्यांतून निघालेलं हे औजार
नळीवर असं बसलं जसं तिच्यासाठीच घडलं.
‘तुम्ही ढकला,’ तो म्हणाला, ‘मी दाबतो.’
दोघांचे हात त्या सांदीत, एकमेकांच्या मनगटाला अडत,
त्याच्या कोपराचा घाम माझ्या बाहीवर.

टक्.

एवढुसा आवाज. सुपारी फुटल्याचाही याहून मोठा.
मग गार पेट्रोल तळहातावर, घोटभर,
जखमेत चरचरलं, उडून गेलं.

मुबीनने टोपण चिंधीने पुसलं,
सवयीने खिशात टाकलं,
थोड्या वेळाने काढून बॅटरीच्या कडेला ठेवलं.
मी पाहिलं. तोही पाहत होता मी पाहतोय का ते.
कुणीच काही बोललं नाही.
ट्रक गेला, पत्रे थरथरले,
टोपण घरंगळलं, त्याने पडता पडता धरलं.

टिपणीस बाईंचा फोन: पेपरांचे गठ्ठे न्यायचेत, कधी मिळेल?
संध्याकाळी, म्हटलं.
संध्याकाळ काय फार लांब नव्हती.

‘अजून परतीची राहिली,’ मुबीन म्हणाला,
आणि उजेड दुसऱ्या नळीवर धरला.