ळ

एकसष्ट साली घाडी मास्तरांचं पुस्तक
आमच्याकडं छापायला आलं, कचेरी गल्लीत,
लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या पावत्या
यांच्या मधल्या सांदीत.
खानापूर तालुक्यातली झाडं, दोनशे चौदा.
आधी लॅटिन नाव, मग मराठी, मग कानडी,
मग धाकलू गवळी म्हणतो ते.
धाकलूला अक्षरओळख नव्हती.
साल खरवडून, वास घेऊन, डोळे मिटून सांगायचा,
आणि ड्रॉइंगचे मास्तर
जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर लिहून घ्यायचे:
ऐन म्हणजे मत्ती. नाणा म्हणजे नंदी.
कुंभा म्हणजे कवलू.

मी चौदा वर्षांचा. खिळे जुळवायचो.
खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
बोटांना ते सुलट कळतं.

झाडांच्या पुस्तकाला ळ फार लागतो
हे आधी कुणाच्या ध्यानात येत नाही.
वेळू, बकुळ, बाभूळ, आवळा,
फळ, मूळ, पाकळी,
कोवळेपणी पिवळट, पावसाळ्यात काळपट.
आमच्या खणात ळ होते एकशेदहा.
तिसऱ्या फर्म्याला तळ दिसला.

मालकांनी मला पलीकडं धाडलं,
बसलिंगप्पांच्या कानडी छापखान्यात.
ते हसले. "ळ माझ्याकडंबी हाय, पोतंभर हाय.
पण तुझ्या ओळीत बसायचा न्हाई, पोरा."
एक खिळा तरीही हातावर ठेवला.
गोल, जड, अगदी अनोळखी.
उच्चार तोच.

सोमवारी वनखात्याचे साहेब यायचे होते.
रविवारी रात्री अकराला, कंदिलाशी,
एका किंजळीला ळ उरला नाही.
मी ल बसवला.
कुणाला विचारलं नाही.

मास्तरांनी छापलेलं पान बराच वेळ धरून ठेवलं.
रागावले असते तर बरं झालं असतं.
मग शुद्धिपत्र निघालं, बोटाएवढ्या चिठ्ठ्या:
पान ४१, ओळ ७, 'किंजल' ऐवजी 'किंजळ' वाचावे.
पाचशे चिठ्ठ्या मी खळीनं चिकटवल्या.
खळ गव्हाची. कसरीला ती फार आवडते.
चारपाच पावसाळ्यांत चिठ्ठ्या गळून गेल्या,
पान मात्र शाबूत.

पुढं कुणी जाडजूड पुस्तक काढलं,
त्यात मास्तरांच्या पुस्तकाचा आधार.
मग एक रंगीत, गुळगुळीत कागदाचं,
त्यात त्या जाडजूडचा.
तिथं मी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं:
स्थानिक नाव (खानापूर भाग): किंजल.
कानडी नाव बरोबर होतं. होनगल.
लॅटिनही बरोबर.

प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं तीनदा.
छापखाना तोवर शिश्याच्या भावानं
किलोवर गेला होता.

गेल्या कार्तिकात जांबोटीकडं गेलो.
वनखात्याचा पोरगा वाट दाखवत होता,
आडनाव गवळी. कुणाचा कोण, विचारलं नाही.
एका उंच झाडाशी थांबला,
खोडावर हात ठेवून म्हणाला,
"ह्ये किंजल. हितलं नाव हाय, आमचं."
वरून पंखांची तांबूस फळं पडत होती,
खांद्यावर, टोपीवर.
म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"
"पुस्तकात हाय की."

मी एक फळ खिशात टाकलं.
वाटभर बोटानं चाचपत राहिलो,
उलटं की सुलट.